खोकल्याची औषधं 'सगळी सारखीच' कशी?

अपर्णा_ठाणे: काल इथे एकांनी ठासून लिहिलं, "खोकल्याचं औषध म्हणजे साखरेचा पाक आणि गुंगी, बाटली कुठलीही आणा." त्यावर वाहवाही झाली, म्हणून लिहितेय. सारखी नाहीत हो! डेक्स्ट्रोमेथॉर्फन मेंदूतल्या खोकल्याच्या केंद्राला दाबतं, कफाला हातही लावत नाही. अँब्रॉक्सॉल, ब्रोमहेक्सिन कफ पातळ करतात. टर्ब्युटालिन आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या करतं. दम लागत असेल तर ठीक, नुसत्या खवखवीला घेतलंत तर हात थरथरतील. छातीत कफ भरलेला असताना खोकलाच दाबला तर तो बाहेर पडणार कसा? आणि मेडिकलवाला कोरडा की ओला हेही विचारत नाही.

मेडिकल_नाशिक: आमच्यावरच खापर! गिऱ्हाईक येतं ते "ती लाल बाटली द्या" म्हणत. विचारलं तर "तुम्ही डॉक्टर आहात का?" एकाच बाटलीत खोकला दाबणारं आणि कफ सोडवणारं, दोन्ही घालून कंपन्या विकतात, डॉक्टर लिहून देतात. त्यांना विचारा की.

केशवराव_सातारा: हे सगळं पुस्तकी. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या अडुळसा आणि ज्येष्ठमध. तुमच्या बाटलीने २०२५ मध्ये छिंदवाड्याची लेकरं गेली, नागपूरला हलवूनही वाचली नाहीत. केंद्र आणि कफ कसले शिकवता?

अपर्णा_ठाणे: केशवराव, ती लेकरं खोकल्याच्या औषधाने गेली नाहीत, विषाने गेली. त्यांना दिलेल्या कोल्ड्रिफ सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं ४८.६ टक्के, चालतं ०.१ टक्क्यापर्यंत. त्याने मूत्रपिंडं बंद पडतात. १९८६ मध्ये मुंबईच्या जेजे रुग्णालयात हेच विष ग्लिसरॉल नावाच्या औषधातून गेलं आणि १४ रुग्ण दगावले. ते कुठे खोकल्याचं औषध होतं? राग तपासणी न करणाऱ्यांवर काढा. आणि ज्या ब्रोमहेक्सिनला नावं ठेवताय, ते अडुळशातल्या व्हॅसिसिन या घटकावरूनच बनवलंय.

केशवराव_सातारा: म्हणजे आमचंच घेऊन आम्हालाच विकायचं! मग काढाच का नको? माझी आई वाफाळता काढा द्यायची, रात्रीत छाती मोकळी.

मेडिकल_नाशिक: काढ्यात व्हॅसिसिन किती उतरलं, कोण मोजतं? बाटलीवर मिलिग्रॅम लिहिलेलं असतं.

केशवराव_सातारा: कोल्ड्रिफवरही लिहिलेलंच होतं ना?

मेडिकल_नाशिक: ...हे मात्र खरं.

शुभांगी_के: भांडा तुम्ही. माझ्या वडिलांनी हिवाळाभर काढेही प्यायले आणि बाटल्याही. शेवटी एका डॉक्टरांनी बीपीची गोळी कुठली ते विचारलं. रामिप्रिल! त्याने अंगात ब्रॅडिकायनिन नावाचं रसायन साचतं आणि कोरडा खोकला लागतो. ती बदलून टेल्मिसार्टन ही बीपीचीच दुसरी गोळी सुरू केल्यावर खोकला हळूहळू गेला. तोवर कोणीही कारण शोधलं नाही, याचा संताप अजून जात नाही.

अपर्णा_ठाणे: हेच तर म्हणतेय. खोकला कशाचा ते आधी, औषध नंतर.

केशवराव_सातारा: अडुळशाचं ऐकून बरं वाटलं, एवढं मानतो. पण दहा महिन्यांच्या नातवाला सिरप देणार नाही म्हणजे नाही. मध चाटवतो.

अपर्णा_ठाणे: सिरप नकोच, दोन वर्षांखाली देऊ नका असं केंद्र सरकारचंच सांगणं आहे. पण मधही नको! वर्षाच्या आतल्या बाळाला मधातल्या जंतूंमुळे बोट्युलिझम होऊ शकतो, अंगातली ताकद जाते, श्वास अडतो.

केशवराव_सातारा: आमच्याकडे बाळ जन्मल्याबरोबर मधच चाटवतात.

अपर्णा_ठाणे: चाटवत असतील. तुम्ही आज थांबवा आणि बाळाला डॉक्टरांना दाखवा. बाकी वाद उद्या घालू.