मदत हवी आहे : 'उपवास' फिल्टर लावलं की एकही हॉटेल दिसत नाही

अर्धाकच्चा
मंडळी, तातडीनं मदत हवी आहे. परवा आषाढी एकादशी. मेव्हण्याच्या डिलिव्हरी अ‍ॅपमध्ये मी 'उपवास' फिल्टर टाकलंय. ते लावलं की 'काहीही सापडलं नाही' अशी पाटी येते. पदार्थ आहेत, मी स्वतः हातानं भरलेत! आणि नुसतं 'खिचडी' शोधलं तर पहिली येते डाळखिचडी. एकादशीला. मेव्हणा घरी येऊन बसलाय. काय करू?

आडवातिडवा
गाव कुठलं, हॉटेलं किती, डेटाबेस कुठला? निदान एवढं तरी सांगा, आम्ही काय पंचांग बघून सांगायचं का?

अर्धाकच्चा
सांगली-मिरज. ८७ हॉटेलं, पदार्थ दोनेक हजार. पोस्टग्रेस. बाकी सगळं नेहमीसारखंच.

सदाशिव_परदेशी
इलॅस्टिकसर्च बसवा, शोधासाठीचं वेगळं सॉफ्टवेअर. आमच्याकडे तेच आहे. समानार्थी शब्द, चुकीचं स्पेलिंग, क्रमवारी, सगळं त्यात होतं. एकदा बसवलं की डोक्याला ताप नाही.

आडवातिडवा
दोन हजार पदार्थांसाठी? मुंगी मारायला तोफ. आणि ती तोफ रोज पुसायला मेव्हणा माणूस ठेवणार आहे का? पोस्टग्रेसमध्येच ट्रायग्रॅमची सोय आहे. शब्दाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून जवळचा शब्द हुडकते. एवढ्या डेटाला पुरून उरेल.

सदाशिव_परदेशी
आज दोन हजार आहेत. वाढल्यावर परत इथंच येतील विचारायला.

मिरजेची_मावशी
बाळा, मला तुमचं कोडिंग कळत नाही, पण साबुदाण्यानं पित्त होतं. भगर ठेवा. भगर आणि दाण्याची आमटी. आमटीत कोकम घाला, चिंच नको.

आडवातिडवा
मावशी, धागा फिल्टरचा आहे.

मिरजेची_मावशी
मग? फिल्टरमध्ये भगर नको?

निळावंती
मावशींचा मुद्दा खरं तर कामाचा आहे. 'उपवास' हा शिक्का नक्की कशाला लावलाय, हॉटेलला की पदार्थाला? आमच्या गावातल्या एका अ‍ॅपनं 'फराळ' आणि 'उपवास' एकच धरलं होतं. एकादशीला चकली आणि पोह्यांचा चिवडा वर येत होता. दिवाळीचा फराळ वेगळा, उपासाचा वेगळा, हे यंत्राला कोण सांगणार?

अर्धाकच्चा
शिक्का पदार्थालाच आहे. 'उपास', 'उपवास', 'upvas', 'upwas' सगळं एकाखाली आणलंय. फराळ मात्र मीही त्यातच घातला होता, आत्ता काढतो. पण तो नंतरचा प्रश्न, मला एकही हॉटेल दिसत नाहीये हो!



पार्श्व
उपवासाबरोबर जैन फिल्टरही नीट करा ही विनंती. बहुतेक ठिकाणी 'कांदा-लसूण नाही' म्हणजेच जैन असं धरतात. आम्ही बटाटाही खात नाही. साबुदाण्याच्या खिचडीत बटाटा असतो, म्हणजे ती उपासाला चालते, जैनांना नाही. दोन वेगळे शिक्के हवेत.

कृष्णाकाठचा
आणि हॉटेलनिहाय 'शाकाहारी' ठेवू नका. पाकिटावर हिरवा ठिपका असतो तो त्या पदार्थापुरता. अ‍ॅपवरही तसंच हवं. एकाच हॉटेलात साबुदाणा वडा आणि तांबडा रस्सा दोन्ही मिळतं. आमच्या आईला तिथला वडाही नको असतो. म्हणजे 'फक्त शाकाहारी हॉटेल' हे तिसरं फिल्टर. अजून एक, अंतर कसं मोजता? नकाशावर सरळ रेघ मारत असाल तर सांगलीवाडी हाकेवर दिसते. मध्ये कृष्णा आहे. आयर्विन पुलावरून संध्याकाळी येऊन दाखवा म्हणावं दहा मिनिटांत.

अर्धाकच्चा
अंतराचं खरं आहे, सरळ रेघच आहे. पण आधी माझा प्रश्न!!

आडवातिडवा
फिल्टरं एकमेकांशी जोडली कशी आहेत? एकाच गटातली दोन निवडली, म्हणजे मिसळ आणि वडा, तर 'किंवा'. वेगळ्या गटांतली निवडली तर 'आणि'. सगळीकडे 'आणि' लावलं असेल तर मिसळही आणि वडाही असलेला पदार्थ शोधत बसेल, तो मिळायचा नाही.

अर्धाकच्चा
नाही, तसंच आहे तुम्ही म्हणता तसं. आणि मी एकटं 'उपवास'च लावतो. म्हणजे तेवढंच, आणि 'आता चालू', ते काय कायमच लावलेलं असतं.

निळावंती
थांबा थांबा. 'आता चालू' कायम असतं, हे आत्ता सांगताय?

अर्धाकच्चा
अहो, बंद हॉटेल कोण दाखवेल? त्यात काय सांगायचं.

निळावंती
तपासता किती वाजता?

अर्धाकच्चा
रात्री. कामावरून आलो की साडेनऊच्या पुढे.

निळावंती
आणि कधी दिवसा बघितलंय?

अर्धाकच्चा
रविवारी पाचला. तेव्हा भरपूर दिसत होती! मी खूश. पण नेमकी त्याच वेळी कुणीतरी ऑर्डर टाकली आणि खानावळवाला मेव्हण्यावर फोनवर तडकला. त्यांचं अकरा ते तीन आणि सात ते अकरा असतं, मधे चूल बंद. बंद असताना ऑर्डर आलीच कशी म्हणून.

निळावंती
सर्व्हर कुठं आहे तुमचा?

अर्धाकच्चा
भाड्याचा आहे, परदेशात. का?

निळावंती
कारण त्याचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर आहे. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. तुमच्याकडे रात्रीचे साडेनऊ, त्याच्याकडे दुपारचे चार. चारला सगळ्या खानावळी बंद, बरोबर दाखवतोय बिचारा. तुमच्याकडे रविवारचे पाच, त्याच्याकडे साडेअकरा, सगळ्यांच्या चुली पेटलेल्या. उपवासाचं फिल्टर ठीक आहे. वेळ तपासताना टाइमझोन 'एशिया/कोलकाता' द्या. हॉटेलच्या वेळांना हात लावू नका, त्या बरोबर आहेत.

पेठेतला_घड्याळजी
यावरून आठवलं. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली, तरी मुंबईनं आपली वेगळी 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत चालवली. ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. तेव्हा हे अ‍ॅप असतं तर मुंबईची सगळी खानावळं अजून वेगळ्याच वेळी बंद दिसली असती.

आडवातिडवा
'खानावळं' नाही, 'खानावळी'.

पेठेतला_घड्याळजी
आमच्या घरी असंच म्हणतात.

सदाशिव_परदेशी
इलॅस्टिकसर्चमध्ये तारखा यूटीसीतच ठेवतात, आणि ते योग्यच आहे.

निळावंती
तारखा ठेवा हो. खानावळ उघडते ती तारखेवर नाही, सांगलीतल्या भिंतीवरच्या घड्याळावर.

अर्धाकच्चा
झालं!!! ३४ ठिकाणं आली! मेव्हण्यानं चहा टाकायला सांगितलाय. निळावंतीताई, पाय कुठं आहेत तुमचे? फक्त स्टँडजवळची खाण्याची गाडी रात्री साडेबारापर्यंत असते, ती आत्ता अकरा वाजताही बंद दाखवतेय.

निळावंती
बंदची वेळ उघडण्याच्या वेळेपेक्षा लहान आहे ना, संध्याकाळी सहा ते साडेबारा. तुमचा कोड 'सहानंतर आणि साडेबाराच्या आधी' शोधतोय, तसं काही नसतंच. बंदची वेळ लहान असेल तिथं 'आणि'च्या जागी 'किंवा' करा. शिवाय ती कोरी पाटी काढा. काही सापडलं नाही तर कुठलं फिल्टर काढल्यावर किती हॉटेलं मिळतील ते लिहा. 'आता चालू काढल्यास ३४' असं दिसलं असतं तर दोन दिवस गेले नसते तुमचे.

कृष्णाकाठचा
आणि रिकामे गेलेले शोध एका तक्त्यात साठवा. आठवड्यानं वाचा. लोक साबूदाणा, साबुदाना, शाबू, शाबुदाणा काय काय लिहितात ते गिऱ्हाईकच शिकवेल. आमच्याकडे निम्मी माणसं शाबूच म्हणतात.

कोथरूडकर
हे अ‍ॅप कोथरूडला चालतं का? भगर हवी होती.

अर्धाकच्चा
नाही हो, फक्त सांगली-मिरज. 'शाबू' घातलं, अजून अकरा पदार्थ सापडले. गाडीचंही झालं. डाळखिचडी मात्र अजून पहिलीच येतेय.

आडवातिडवा
क्रम कशावर लावलाय?

अर्धाकच्चा
नेहमीसारखाच.