खोल जाण्याआधी चुनखडी बघा
विटांसाठी माती काढताना काही जण सांगतात की जागा कमी असेल तर पसरण्यापेक्षा खोल खणा, माती जास्त मिळते. हिशोब बरोबर आहे पण आपल्याकडे काळ्या रानात खाली गेलं की बऱ्याचदा पांढरे चुनखडीचे खडे लागतात आणि विटेला तेच घातक, कारण भट्टीत खड्याचा कळीचा चुना होतो, नंतर ओल लागली की तो फुगतो आणि वीट फुटते, कधीकधी तर गिऱ्हाईकाच्या भिंतीत गेल्यावर!

म्हणून आधी चार ठिकाणी ट्रायल खड्डे घ्या, प्रत्येक थराची माती वेगळी ठेवून थोडं पातळ अ‍ॅसिड टाका, फसफसली की चुना आहे समजा. बारीक चुना एकवेळ चालतो, खडे नाहीत. आणि वरची सुपीक माती प्लीज विटेत घालू नका, बांधाला ढीग लावून ठेवा, खणून झालं की तीच परत पसरायचीय.