विमानाचे वरचे पैसे आणि प्रवास विमा: कुठे द्यावेत, कुठे देऊ नयेत?

पश्चिमवारा:
सुट्टीची तिकिटं काढायला बसलं की दरवेळी हेच. पुणे ते कोची, दोन मोठी माणसं आणि एक मूल. पहिल्या पानावरचा आकडा बघून घरात सांगायचं 'जमतंय', आणि पैसे भरेपर्यंत त्यात सीट, खाणं, कन्व्हिनियन्स फी आणि शेवटी विमा येऊन बसतो. माझं स्पष्ट मत आहे की हा भाव लपवण्याचा प्रकार आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'डार्क पॅटर्न'विरुद्ध, म्हणजे वेबसाइटवर ग्राहकाला फसवून खर्चात पाडणाऱ्या युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक सूचना काढल्या. न विचारता खरेदीत वस्तू घुसवण्याचं उदाहरण म्हणून त्यात विमान तिकिटाबरोबरचा प्रवास विमाच दिला आहे. विमा नाकारणाऱ्याला 'मी असुरक्षित राहीन' असं म्हणायला लावणं, हेही त्यात बसतं. म्हणजे ही खोड किती मुरली होती ते बघा. देशातल्या प्रवासाला हा विमा कुणीही घेऊ नये.

एकपिशवी:
विम्याचं राहू द्या, पण सामान आणि सीटबद्दल मी पूर्ण असहमत. मी नागपूर-मुंबई फक्त हातातल्या सात किलोच्या बॅगेवर करतो. बाकीच्यांच्या पंधरा किलोचा भार माझ्या तिकिटात का? एसटीतसुद्धा पोत्याचं वेगळं तिकीट फाडतातच की. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी डीजीसीएने २०२१ मध्ये चेक-इन सामान नसलेल्यांना कमी भाडं लावायची मुभा दिली, ती मला योग्यच वाटते. खिडकी हवी असेल त्याने पैसे मोजावेत. आणि मुलासाठी सीट विकत घेऊ नका. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आई किंवा वडिलांशेजारी जागा द्यायला डीजीसीएने एप्रिल २०२४ मध्येच सांगितलंय.

पश्चिमवारा:
मुलाच्या सीटचं माहीत नव्हतं, आभार. पण कन्व्हिनियन्स फीचं काय? बॅग टाळता येते, खिडकी टाळता येते. घरी बसून तिकीट मीच काढायचं आणि त्याचे माणशी पैसेही मीच द्यायचे, वर तिकीट रद्द केलं की ते परत नाहीत. जे टाळताच येत नाही ते भाड्यातच धरून पहिल्या पानावर दाखवा, एवढीच मागणी आहे.

एकपिशवी:
हे मान्य. इथे माझ्याकडे उत्तर नाही.

कृष्णाकाठ:
मी प्रवास विम्याच्या दाव्यांचं काम बरीच वर्षं केलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते. देशातल्या दोन तासांच्या प्रवासाबद्दल मी मूळ धाग्याशी बऱ्याच अंशी सहमत. तुमचा आरोग्य विमा कोचीतही चालतो. पण 'प्रवास विमा घेऊ नये' हे वाक्य लोक परदेशालाही लावतात आणि तिथे संसार बुडतात.

युरोपला जाणारे ज्येष्ठ नागरिक बघा. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं, म्हणून टूरवाल्याने दिलेली सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेतात. फॉर्ममध्ये रक्तदाब, मधुमेह लिहीत नाहीत, 'हप्ता वाढेल' म्हणून. बरेच दावे इथेच अडकतात. आजार लिहिला तरी अनेक पॉलिसींत जुन्या आजाराचा खर्च फक्त जिवावर बेतल्यासच मिळतो. ते कलम घेण्याआधी वाचायचं.

सामानाचंही तसंच. देशांतर्गत प्रवासात बॅग हरवली तर विमान कंपनीची जबाबदारी जास्तीत जास्त २०,००० रुपये. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल करारानुसार डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे साधारण दोन हजार डॉलर. तेही झालेलं नुकसान दाखवलं तर. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर तक्रार नोंदवून कागद घ्या. तो नसेल तर कंपनीकडे काय आणि विम्याकडे काय, दाद मागणं फार अवघड जातं.

जुनाखडक:
ताई, तुम्ही कामाच्या बाजूने बोलताय. माझ्या मामांना सिंगापूरला दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि विमा कंपनीने 'आधीपासून रक्तदाब होता' म्हणून हात वर केले. हप्ते घ्यायचे आणि वेळेला कलम दाखवायचं. त्यापेक्षा तेवढे पैसे एफडीत ठेवावेत.

कृष्णाकाठ:
दादा, मामांच्या फॉर्मवर रक्तदाब लिहिला होता का, यावर सगळं अवलंबून आहे. लिहिला असूनही नाकारलं असेल तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि मग विमा लोकपालांकडे जा. पुणे आणि मुंबई, दोन्हीकडे कार्यालयं आहेत, तक्रारीला फी नाही. फक्त कंपनीने अंतिम नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. आणि एफडीचं म्हणाल तर हप्त्याच्या चारपाच हजारांची एफडी अमेरिकेतल्या अतिदक्षता विभागाच्या एका दिवसालाही पुरणार नाही. मला राग विमा नको म्हणणाऱ्यांचा येत नाही, एजंटचा येतो. 'लिहू नका, काही होत नाही' हे तोच सांगतो.

जुनाखडक:
फॉर्म एजंटनेच भरला होता. लोकपालांचं कुणी बोललं नव्हतं. मामांना विचारतो, पण एजंटने भरलेल्या फॉर्मची शिक्षा म्हाताऱ्या माणसाला का, हा प्रश्न माझा कायम आहे.

अंजनीवेल:
आईबाबा, दोघंही सत्तरीचे, तीन महिने न्यू जर्सीला भावाकडे जाणार आहेत. तिकीट काढतानाच विमा घेतला तर चालेल?

कृष्णाकाठ:
नको. वेगळा घ्या, आणि आधी तुलना करा. अमेरिकेसाठी दोन जातीचे प्लॅन मिळतात. काहींत प्रत्येक तपासणीला, खाटेला ठरलेली रक्कमच मिळते. ते स्वस्त दिसतात, पण तिथल्या बिलापुढे ती रक्कम फार तोकडी पडते. दुसऱ्यांत डिडक्टिबल, म्हणजे आधी आपण स्वतः भरायची ठरलेली रक्कम, गेल्यावर खर्चाचा मोठा हिस्सा कमाल मर्यादेपर्यंत मिळतो. दुसरा घ्या. फॉर्म एजंटला भरू देऊ नका, आईबाबांच्या शेजारी बसून सगळ्या गोळ्यांची नावं बघून तुम्हीच भरा. विमा कंपनीचा मदत क्रमांक भावाच्या फोनमध्येही ठेवा, कारण दाखल करण्याआधी किंवा लगेच नंतर कळवावं लागतं.

एकपिशवी:
जाता जाता एक, पश्चिमवारा यांच्यासाठी. कोचीचं रद्द झालंच तर कॅन्सलेशन चार्ज मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त लावता येत नाही. विमानतळाचे कर आणि यूजर फी, विमान चुकलं तरी परत मिळतात. बहुतेक लोक मागतच नाहीत. मागा.