मोठी टूरिंग स्कूटर: रोज ठाणे-ऐरोली, महिन्यातून एकदा डबलसीट चिपळूण. कोणती घ्यावी?

कोकणवारी

नमस्कार मंडळी. ११० सीसीची स्कूटर बदलायची आहे. रोजचं येणं-जाणं घोडबंदर रोड ते ऐरोली, दोन्ही वेळचं मिळून ४० किमी आणि त्यातला निम्मा वेळ ट्रॅफिकमध्ये. शिवाय महिन्यातून एकदा बायकोसोबत चिपळूण, म्हणजे एका बाजूने साधारण २४० किमी. दोघांचं वजन १३० किलो, वर १५ किलो सामान. उंची ५ फूट ४ इंच. बजेट ऑन-रोड दोन लाखांपर्यंत.

गिअरची बाईक नको, कारण शहरात क्लच दाबून मनगट भरून येतं आणि डिकी नसली की अडतं. माझे प्रश्न असे:

सुझुकीची बर्गमन १२५ पुरेल का, की १५५-१६० च्या गटातच जावं? दोन वर्षं थांबून, पैसे साठवून ३५० सीसीची मोठी मॅक्सी स्कूटर (लांब प्रवासासाठीची भारदस्त स्कूटर) घेण्यात अर्थ आहे का? आणि गिअर नसलेली गाडी घाट उतरताना डबलसीट कितपत भरवशाची?

पाना_बारा

आधी ३५० चा विषय संपवू. मोठ्या मॅक्सी स्कूटरचा खरा उपयोग तासाला ११०-१२० ने तासन् तास चालवण्यात आहे. तुम्हाला तसा रस्ताच मिळणार नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, अटल सेतू, वांद्रे-वरळी सागरी सेतू, सगळीकडे दुचाकींना बंदी आहे. चौपदरी महामार्गावर दुचाकीची केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा ताशी ८० आहे. बीएमडब्ल्यू सी ४०० जीटी उत्तम गाडी आहे: ३५० सीसी, ३४ पीएस (म्हणजे अश्वशक्ती), १२.८ लिटरची टाकी. पण वजन २१४ किलो, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ती भारतात आली तेव्हाच एक्स-शोरूम किंमत ९.९५ लाख होती. सोसायटीच्या उतारावर २१४ किलो मागे ढकलत बाहेर काढायचे रोजचे कष्ट वेगळेच. तुमच्या वापराला थांबण्याची गरज नाही.

आता १२५ की १६०. सीसी बाजूला ठेवा आणि एका पीएसच्या वाट्याला किती किलो येतात ते काढा. तुमचा भार १४५ किलो. बर्गमन ११० किलोची, ताकद ८.७ पीएस, म्हणजे पीएसमागे २९ किलो. एप्रिलिया एसएक्सआर १६० चं वजन १२९ किलो आणि ताकद ११ पीएस, तिथे २५ येतात. हिरो झूम १६० ला (१४२ किलो, १४.८ पीएस) साडेएकोणीसच्या आत, टीव्हीएस एनटॉर्क १५० ला (११५ किलो, १३.२ पीएस) वीसच्या आत आणि यामाहा एरॉक्स १५५ ला (१२६ किलो, १५ पीएस) १८. बर्गमन एकट्याने शहरात छान चालते. डबलसीट महामार्गावर मात्र ८० ला जवळजवळ पूर्ण पीळ द्यावा लागतो, आणि एसटी ओलांडायची झाली तर हाताशी काही उरत नाही. ओव्हरटेक अर्ध्यावर अडकतो तो याच कारणाने.

माझ्या मते त्याहून महत्त्वाचं आहे चाक. टायरवरच्या आकड्यांवरून चाकाचा पूर्ण व्यास काढता येतो: पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिम इंचांत. साध्या बर्गमनचं मागचं चाक ९०/१००-१०, म्हणजे ४३४ मिमी. एसएक्सआरचं १२०/७०-१२ म्हणजे ४७३ मिमी. झूमचं पुढचं १२०/७०-१४ म्हणजे ५२४, आणि एरॉक्सचं ११०/८०-१४ म्हणजे ५३२. खड्डा तोच असतो, पण लहान चाक त्यात खोल उतरतं आणि समोरच्या कडेला उभ्या कोनात धडकतं. रिम वाकणं, टायरच्या बगलेला फुगा येणं, हँडल झटका मारणं, सगळं तिथून सुरू होतं. महामार्ग ६६ वर काम झालेला पट्टा आणि वळवलेला कच्चा रस्ता आलटून पालटून येतात. तिथे हा दहा सेंटीमीटरचा फरक अंगाला कळतो. बर्गमनच घ्यायची ठरली, तर निदान मागे १२ इंची चाक असलेली तिची ईएक्स आवृत्ती घ्या.

टाकीचा हिशेबही करा. एरॉक्सची टाकी ५.५ लिटरची आहे. डबलसीट लिटरला ४० धरलं तरी २२० किमी, आणि त्यातले शेवटचे ४० किमी गृहीत धरू नयेत. म्हणजे जाताना महाडला भरायचंच. झूम आणि एसएक्सआरची टाकी ७ लिटरची आहे. एरॉक्सचं पेट्रोलचं झाकण सीटच्या पुढे, दोन पायांच्या मधल्या फुगवट्यावर असतं, त्यामुळे सीटवर बॅग बांधलेली असताना ती सोडावी लागत नाही. ज्या गाडीचं झाकण सीटखाली असेल तिच्यात दर पंपावर सगळं सामान उतरवावं लागेल.

तुमच्यासाठी माझी निवड एरॉक्स किंवा झूम १६०. एरॉक्स हलकी आणि चपळ. झूम जड, पण महामार्गावर स्थिर वाटते, शिवाय टाकी मोठी. दोन्हीत पुढे डिस्क आणि सिंगल चॅनल एबीएस (ब्रेक लावल्यावर फक्त पुढचं चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), मागे ड्रम.

वळणवाट

घाटाबद्दल लिहितो, कारण गिअरच्या बाईकवरची सवय स्कूटरवर उलटी पडते.

स्कूटरचा क्लच सेंट्रिफ्युगल असतो. इंजिन ठराविक फेऱ्यांवर फिरत असेल तेव्हाच त्याचे शू (घर्षणाचे तुकडे) बाहेर फेकले जाऊन बेलला (भोवतीच्या धातूच्या वाटीला) पकडतात. उतारावर तुम्ही गॅस पूर्ण सोडला आणि ब्रेकने वेग फार खाली आणला, की शू आत येतात, पकड सुटते आणि गाडी न्यूट्रलसारखी घरंगळते. त्या क्षणी इंजिनचा ब्रेक शून्य, सगळा भार दोन ब्रेकवर. घाबरून माणूस मागचा ब्रेक धरूनच ठेवतो. ड्रम तापतो, लायनरची पकड जाते, लिव्हर हँडलला टेकायला लागतो.

म्हणून वेग पंचवीस-तीसच्या वर असताना क्लच पकडलेला राहू द्या. तो सुटल्याचं जाणवलं तर गॅसला अगदी हलका स्पर्श द्या, शू पुन्हा पकडतात आणि मग गॅस सोडला की इंजिन गाडीला ओढून धरतं. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, दोन्ही एकत्र आणि जरा ठाम मारायचा, मग पूर्ण सोडायचा. हलका हलका धरून ठेवण्याने ब्रेक जास्त तापतात. दर वेळी सोडल्यावर वारा लागून ते थंड व्हायला वेळ मिळतो. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरणं तर कधीच नको.

जळका वास आला किंवा लिव्हर मऊ लागला तर पंधरा मिनिटं थांबा. तापलेल्या डिस्कवर किंवा ड्रमवर पाणी ओतू नका, धातू वाकतो. मागच्या ब्रेकच्या आर्मवर झिजेची खूण असते. ब्रेक दाबल्यावर काटा त्या खुणेपर्यंत पोहोचत असेल तर लायनर बदलल्याशिवाय निघू नये.

चढावर चूक वेगळी होते. वाहतूक तुंबल्यावर लोक ब्रेक न लावता गॅसवरच गाडी तोलून धरतात. त्या वेळी शू बेलवर नुसते घासत राहतात. मिनिटाभरातही शूचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होऊ शकतो आणि बेलवर निळे डाग येतात. मग दर सिग्नलला गाडी सुटताना थरथरते. थांबल्यावर ब्रेक धरा, गॅस पूर्ण सोडा. सुटताना गॅस एकदम पिळू नका आणि अर्धवटही धरून ठेवू नका.

काशेडीचा बोगदा झाल्यापासून चिपळूणचा रस्ता तुलनेने सोपा आहे. कुंभार्ली किंवा आंबा घाटाने वर यायचं असेल तर वरचं सगळं शंभर टक्के लागू.

डबलसीट

वरच्या दोन्ही प्रतिसादांत मागे बसणारीचा विचार नाही, आणि २४० किमी तिलाही बसायचं आहे. एरॉक्सचे मागचे शॉकअप कडक आहेत आणि सीटला उंच पायरी आहे. चालवणाऱ्याला ते आवडतं. मागची व्यक्ती मात्र रस्त्याच्या प्रत्येक जोडावर उडते, आणि ब्रेक मारला की पुढे घसरते. एसएक्सआरची सीट लांब, रुंद आणि मऊ. आपल्या बारामतीत बनणारी ही गाडी बसण्याच्या बाबतीत या सगळ्यांत उजवी आहे असं माझं मत. उणे बाजू अशी की इंजिन एअरकूल्ड, अ‍ॅव्हरेज कमी आणि कोकणात सर्व्हिस सेंटर विरळ.

दुसरं म्हणजे पायाखालची जागा. एरॉक्स आणि झूमच्या मधोमध फुगवटा आहे, पायाशी पिशवी ठेवताच येत नाही. येताना आंब्याची पेटी किंवा तांदळाची गोणी आणायची असेल तर सपाट फ्लोअर हवा. मग तुमच्यापुढे एसएक्सआर, बर्गमन आणि एनटॉर्क १५० राहतात. त्यात ताकदीचा विचार करता एनटॉर्क.

तुमच्या उंचीला सीटच्या आकड्यावर विसंबू नका. एरॉक्स ७९०, झूम ७८७, एसएक्सआर ७७५ मिमी, फरक दीड सेंटीमीटरचा. पण सीट पुढून रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि टाचा उचलल्या जातात. डबलसीट बसून दोन्ही चवडे पक्के टेकतात का ते पाहा.

कोकणवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. पायाशी सामान ठेवायची गरज वर्षातून दोनदाच, त्यामुळे फुगवटा चालेल. एरॉक्स आणि झूम या दोनच पाहतो, बायकोला मागे बसवूनच. टॉप बॉक्स लावला तर सीटवरची बॅग टळेल का? आणि पावसाळ्यात पाण्यातून गेल्यावर बेल्ट घसरतो असं ऐकलंय, ते कितपत खरं?

पाना_बारा

खरं आहे. बेल्ट आणि पुलीची पकड कोरड्या घर्षणावर असते. सीव्हीटीच्या (गिअरऐवजी बेल्ट-पुलीने चालणाऱ्या यंत्रणेच्या) कव्हरमध्ये पाणी शिरलं की इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे जात नाही. अशा वेळी गॅस पिळत राहिलात तर बेल्ट तापून चकाकतो आणि नंतर कोरडाही घसरतो. बाजूला घ्या, मेन स्टँडवर लावा, कव्हरच्या तळाशी पाणी निघायची नळी असेल तर तिचं टोक उघडून पाणी काढा आणि मागचं चाक हवेत ठेवून हलक्या गॅसवर दोन-तीन मिनिटं चालू द्या. पाणी चाकाच्या आसावर चढलं असेल तर गिअर ऑइलही (मागच्या चाकाजवळच्या छोट्या गिअरपेटीतलं तेल) तपासून घ्या. दुधासारखं झालं असेल तर लगेच बदला. एवढंसंच तेल असतं, शंभर-दीडशे मिली, पण ते बिघडलं तर बेअरिंग आणि गिअर जातात. पुष्कळ सर्व्हिसमध्ये इंजिन ऑइल बदलतात आणि हे विसरतात, म्हणून जॉबकार्डवर वेगळं लिहून घ्या.

बेल्ट आणि पुढच्या पुलीतले रोलर, स्लायडर एकत्र तपासायचे. साधारण २०,००० ते २४,००० किमीला बेल्ट बदलण्याची तयारी ठेवा, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातला पाळा. तुमचं डबलसीट आणि ट्रॅफिकचं मिश्रण पाहता दर ८,००० ला कव्हर उघडून घ्या: बेल्टच्या आतल्या दातांत भेगा, कडेचे सुटलेले धागे, रोलरला पडलेले सपाट भाग. रोलर चपटे झाले की ठराविक वेगाला पिकअप अडखळतो आणि कडकड आवाज येतो. धूळ हवेने उडवायची. पुलीच्या तोंडावर ग्रीस किंवा तेलाचं बोटही लागता कामा नये. नवा बेल्ट बसवताना त्यावर बाण छापलेला असेल तर तो फिरण्याच्या दिशेला.

एरॉक्स घेतलीत तर आणखी एक. तिचा रेडिएटर इंजिनच्या उजव्या बाजूला, चाकाच्या चिखलाजवळ आहे. जाळीत माती बसली की ट्रॅफिकमध्ये इंजिन तापतं. पाण्याच्या साध्या धारेने धुवा. प्रेशर पंप जवळ धरला तर पाती वाकतात. कूलंट इंजिन थंड असताना राखीव टाकीच्या दोन खुणांच्या मध्ये हवं, गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

टॉप बॉक्सने बॅग टळेल, पण तो मागच्या आसाच्याही मागे लटकतो. तिथे वजन पडलं की पुढचं चाक हलकं होतं, वळणात हँडल तरंगतं आणि पुढचा ब्रेक, जो खरा ब्रेक आहे, कमी पकडतो. त्यात रेनकोट, कपडे असं हलकंच ठेवा आणि कॅरिअरवर छापलेली मर्यादा ओलांडू नका. पाण्याच्या बाटल्या, हत्यारं, चार्जर असलं जड सामान डिकीत, खाली. एरॉक्सची डिकी साडेचोवीस लिटरची आहे, त्यात हे बसतं. निघायच्या आदल्या रात्री, टायर थंड असताना, डबलसीटसाठी स्टिकरवर दिलेली हवा भरा. मागच्या टायरला कमी हवा आणि १४५ किलो भार, यानेच खड्ड्यात रिम वाकतात.

वळणवाट

टेस्ट राइडला शोरूमभोवतीची एक फेरी पुरत नाही. दोघं बसून एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर गाडी पूर्ण थांबवा आणि तिथून सुटा, थरथर किंवा रेंगाळणं लगेच कळतं. मग खराब रस्त्यावर ताशी ४० ने न्या आणि मागे बसणारीला विचारा. शेवटी इंजिन बंद करून तुमच्या पार्किंगसारख्या उतारावर ती हाताने मागे ओढून पाहा. १२६ आणि १४२ किलोतला फरक तिथे कळेल. माझा अंदाज, तुमची निवड याच ठिकाणी ठरेल.