चार क्लायंट, एक डोकं: घरून काम करणाऱ्यांनो, भांडायला या

मधली_खिडकी (कासारवडवली, ठाणे)

गेल्या शनिवारी माझ्या हातून एक घोळ झाला, त्यावरून हा धागा.

मी अनुवाद आणि सबटायटलचं काम करते. घरूनच, सहा वर्षं झाली. शनिवारी दुपारी साडेबाराला एका क्लायंटच्या मिक्सरच्या माहितीपुस्तिकेची शेवटची चार पानं चालू होती. दुसऱ्याला कोटेशन पाठवायचं होतं. तिसऱ्याचा व्हॉट्सॲपवर निरोप, 'मॅडम, फक्त एक ओळ बघता का?' आणि गॅसवर दूध. चारही आघाड्या सांभाळल्या हो, दूधसुद्धा उतू गेलं नाही. फक्त कोटेशन भलत्याच पत्त्यावर गेलं. जो क्लायंट मला शब्दामागे अडीच रुपये देतो, त्याला मी पावणेदोन रुपयांचं कोटेशन धाडलं, तेही दुसऱ्या कंपनीच्या नावासकट. दहा मिनिटांत उत्तर आलं: 'मॅडम, आम्हालाही हाच दर चालेल.'

आजवर 'मी एका वेळी चार कामं करते' हे मी मिरवत आले. घरात 'अष्टावधानी' म्हणून कौतुकही होतं. आता वाटतं, यात मिरवण्यासारखं काय होतं? सकाळी नऊपासून खुर्चीत असते आणि संध्याकाळी कुणी विचारलं, आज काय झालं, तर धड सांगता येत नाही. मान धरलेली असते. रात्री आडवं झाल्यावर आठवतं की कुणाला तरी 'पाठवते' म्हटलं होतं. कुणाला, ते आठवत नाही.

माझं मत सरळ आहे: एका बैठकीला एकच काम घ्यावं, बाकीच्यांनी थांबावं. सगळ्यांना एकदम हो म्हणणं ही कला नाही, आपण क्लायंटला फुकट दिलेली सवलत आहे. पटत नसेल तर लिहा.

वाशीचा_बोका (वाशी)

लिहितो. मी व्हिडिओ एडिटर. लग्नं, बारशी, यूट्यूबवाले, जे येईल ते. लग्नाच्या एका फिल्मचं रेंडर (कापून जोडलेल्या तुकड्यांची एकच फाइल मशीनने बनवणं) माझ्या मशीनवर तास-सव्वा तास चालतं. तेवढा वेळ मी काय पट्टी सरकताना बघत बसू? त्या तासात दुसऱ्याचं रील कापून होतं, तिसऱ्याचं बिल जातं. लग्नसराईत 'बाकीच्यांनी थांबावं' म्हटलं तर बाकीचे थांबत नाहीत, दुसऱ्याकडे जातात. मागच्या वर्षी एक आठवडा फोन बाजूला ठेवून तुमच्यासारखं तपस्वी काम केलं. फिल्म झकास झाली. त्या आठवड्यात दोन साखरपुडे हातचे गेले.

आणि ताई, तुमच्या घोळाचं कारण मल्टिटास्किंग नव्हेच. दोन्ही फायलींचं नाव 'कोटेशन फायनल' होतं की नाही? खरं सांगा.

मधली_खिडकी

एक 'फायनल', एक 'फायनल २'. पण म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही. एरवी मी ते नाव नीट वाचलं असतं.

जुना_नौपाडकर (ठाणे)

रुमाल टाकून ठेवतो. जेवून येतो.

ऐरोली_सिंगल_कोअर (ऐरोली)

'मल्टिटास्किंग' हा शब्द मुळात आमच्या, संगणकाच्या धंद्यातला. १९६० च्या दशकात संगणकांसाठी तयार झाला, माणसांच्या बोकांडी नंतर बसला. आणि गंमत म्हणजे एक कोअर, म्हणजे काम करणारा एकच गाभा, असलेला प्रोसेसर एका वेळी एकच काम करतो. हे थोडं, ते थोडं, इतक्या झपाट्याने की आपल्याला सगळं एकदम चाललंय असं वाटतं. काम बदलताना आधीचं कुठवर आलं ते जपून ठेवायचं, नव्याचं सामान उघडायचं. त्यातही वेळ जातो. प्रोग्रॅम फार आणि मेमरी थोडी असं झालं की यंत्र नुसती उचल-ठेव करत राहतं, काम पुढे सरकतच नाही. त्याला आम्ही थ्रॅशिंग म्हणतो. खिडकीताईंचं संध्याकाळचं वर्णन वाचलं आणि हाच शब्द आठवला.

बोक्या, तुझं रेंडर मशीन करतंय, तू नाही. कुकर लावून कपडे वाळत घालण्यासारखं आहे ते. दोन वरण एकाच पळीने ढवळणं वेगळं.

वाशीचा_बोका

कुकरची शिट्टी मोजावी लागते की नाही? रेंडर अर्ध्यात अडकलं तर? माझं अर्धं लक्ष तिकडेच असतं आणि तरी रील नीट कापलं जातं. सवयीने जमतं.

पारसिक_टेकडी (बेलापूर)

सवयीने जमतं असं वाटतं, हे जास्त खरं. अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठातल्या वॉटसन आणि स्ट्रेयर या दोघांनी २०१० मध्ये २०० जणांना सिम्युलेटरवर गाडी चालवायला लावली आणि त्याच वेळी फोनवरून गणितं आणि शब्द लक्षात ठेवायला दिले. कामगिरी अजिबात घसरली नाही असे निघाले अडीच टक्के. म्हणजे पाच माणसं. बोकाभाऊ, तुम्ही त्या पाचांत असालही, पण पैज मी उलट्या बाजूने लावीन.

दुसरं असं की संशोधिका सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये एक कल्पना मांडली. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे गेलं की मनाचा एक तुकडा आधीच्या कामातच रेंगाळतो. भांडं विसळलं तरी आमटीचा वास राहतो ना, तसं. पुढे त्यांनीच एक उपायही तपासला: उठण्यापूर्वी एक-दोन ओळी लिहायच्या, कुठवर आलोय आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं. तेवढ्याने रेंगाळणं कमी होतं. मी करतो. चिकट कागदांचा खर्च वाढलाय.

पण खिडकीताई, तुमच्या बाजूनेही सगळं नाही. ग्लोरिया मार्क आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये लोकांना ईमेलची कामं देऊन मध्येच व्यत्यय आणून पाहिलं. व्यत्यय आलेल्यांनी काम उलट लवकर संपवलं, आणि दर्जातही फरक दिसला नाही. वाढला तो ताण, वैताग आणि वेळ पुरत नसल्याची भावना. म्हणजे क्लायंटला माल बरोबर आणि वेळेत मिळतो. किंमत आपली मान मोजते.

खारघरची_सई (खारघर)

सगळ्यांचं वाचलं. 'एका बैठकीला एक काम' हे वाचून हसू आलं. बैठक कुठल्या दुकानात मिळते?

मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. परवा मंगळवारी मुद्दाम कागदावर रेघा मारल्या, सकाळी दहा ते एक किती वेळा उठले त्याच्या. नऊ. गॅसवाला. कामवाल्या मावशी. इंटरकॉमवर वॉचमन, 'मॅडम, टाकी धुणारे आलेत'. सासूबाईंची अकराची गोळी. दोनदा शेजारच्यांचं पार्सल, कारण 'तुम्ही घरीच असता ना'. शाळेच्या ग्रुपवर पिवळा टी-शर्ट की पांढरा यावर चाळीस मेसेज, आणि शेवटी एका आईचा फोन की नक्की काय ठरलं. उरलेले दोन कुणाचे ते आता आठवतही नाही.

नवरा आठवड्यातून दोन दिवस घरून काम करतो. त्याने दार लोटलं की घरभर कुजबुज, 'मीटिंग चालू आहे'. मी दार लोटलं की पाच मिनिटांत कुणीतरी डोकावतं, 'काय गं, बरं नाही का?'

तेव्हा यूटा विद्यापीठ वगैरे ठीक आहे. माझ्यासारखीला एक काम करावं की चार, हा प्रश्नच कुणी विचारत नाही. आणि दुसरी बाजू अशी की मला कामं बदलायला आवडतात. एका पुस्तकातल्या हत्तीची सोंड दोन दिवस जमत नव्हती. सोडून दिली, दुसऱ्या पुस्तकाची बोरं आणि करवंदं रंगवत बसले, आणि तिथेच सोंडेचं वळण हाताला सापडलं. एकच काम धरून बसले असते तर त्या हत्तीचा गळा घोटला असता.

ऐरोली_सिंगल_कोअर

सईताई, तुम्ही स्वतः हत्ती सोडलात आणि वॉचमनने सोडायला लावला, यात फरक आहे की नाही?

खारघरची_सई

आहे. पण तो फरक वॉचमनला कोण सांगणार?

पंचेचाळीस_दिवस (नेरुळ)

तुम्ही सगळे मेंदूवर बोलताय, खिशावर कुणीच नाही. मी कंपन्यांचे वार्षिक अहवाल वगैरे डिझाइन करतो. एका वेळी पाच क्लायंट ठेवतो, कारण पाचातले दोन वेळेवर पैसे देतात. सगळे वेळेवर देणार असते तर मी तीनच ठेवले असते आणि धाग्यावर येऊन तपस्वी झालो असतो. मल्टिटास्किंगचं मूळ लक्ष भरकटण्यात नाही, उधारीत आहे.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे आणि त्यात सेवा देणारेही येतात. सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदणी फुकट होते, एकटा माणूसही करू शकतो. लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. मी बिलाच्या खाली उद्यम क्रमांक आणि ही एक ओळ छापायला लागलो. व्याज आजवर कुणाकडून घेतलं नाही, मागितलंही नाही. पण एका कंपनीच्या अकाउंट्समधून ज्यांचा कधी फोन येत नसे, त्यांचा स्वतःहून आला. त्यानंतर पाचाचे चार क्लायंट केले. माझ्या झोपेवर याचा जो परिणाम झाला तो कुठल्याही टायमरने झाला नव्हता.

वाशीचा_बोका

लग्नाच्या पार्टीला उद्यम क्रमांक दाखवला तर नवरदेव चप्पल काढेल.

पंचेचाळीस_दिवस

मग त्यांच्याकडून अर्धे आधी घ्या. मंगल कार्यालयवाला घेतो, केटरर घेतो, घोडेवालासुद्धा घेतो.

जुना_नौपाडकर

जेवण झालं, वामकुक्षीही झाली. थोडं अवांतर.

ताईंनी 'अष्टावधानी' शब्द वापरला. आपण तो कौतुकाने कुणालाही चिकटवतो, पण तेलुगू आणि कन्नड मुलखात अष्टावधान हा खरोखरचा कार्यक्रम असतो. मध्ये अवधानी, भोवती आठ पृच्छक, म्हणजे विचारणारे. एक जण समस्यापूर्तीला, म्हणजे श्लोक पुरा करायला, ओळ देतो, एक पावलोपावली अक्षरं निषिद्ध करत जातो, एक अधूनमधून घंटा वाजवतो आणि शेवटी किती टोले पडले ते विचारतो. आणि एकाचं कामच असतं की मध्येच असंबद्ध काहीतरी विचारून लक्ष उडवायचं. त्याला अप्रस्तुतप्रसंगी म्हणतात. ताईंचा 'फक्त एक ओळ बघता का' वाला तो हाच.

आता मजा बघा. अवधानी आठही एकदम करत नाही. पहिल्याला श्लोकाचा एक चरण देतो, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. फेरी पूर्ण झाली की पुन्हा पहिल्यापासून दुसरा चरण. शेवटी सगळे श्लोक न अडखळता म्हणून दाखवतो. म्हणजे ऐरोलीकरांचा सिंगल कोअरच, फक्त मेमरी अफाट. आणि त्यामागे वर्षानुवर्षांची साधना, समोर जाणकार श्रोते, अंगावर शाल. आपल्याला शाल कोण घालतं? तीस वर्षं मी टेबलावर तीन फोन ठेवून नोकरी केली, 'फार कर्तबगार' म्हणायचे. निवृत्तीनंतर पहिले सहा महिने मला पेपरचा एक अग्रलेख सलग वाचता येत नव्हता. तलावपाळीच्या बाकावर बसलो तरी चौथ्या मिनिटाला खिसा चाचपायचो. हल्ली जमतं, पण चष्मा आणि पेपर एवढंच बरोबर नेतो.

मधली_खिडकी

काका, ते खिसा चाचपणं वाचून जरा धसकाच घेतला.

त्या क्लायंटचं काय झालं ते सांगते. फोन केला, खरं ते सांगितलं: तो दर वेगळ्या प्रकारच्या मजकुराचा आहे, आणि कोटेशन चुकून आलं. दर अडीचच राहिला, पण पुढचं वर्षभर वाढ मागायची नाही असं कबूल करून घेतलं त्यांनी. दूध तापवण्याची किंमत वर्षाची दरवाढ.

नेरुळकर, उद्यमची नोंदणी आज रात्री करते. पाचाचे चार झाले तर मलाही हवेच आहेत. बोकाभाऊ, रेंडरचं मान्य, रीलचं नाही. माझ्या कामात वाक्य अर्ध्यात सोडलं की परत आल्यावर कर्ता कुठे होता तेच सापडत नाही, त्यामुळे दहा ते एक माझा फोन आता आतल्या खोलीतल्या कपाटात असतो. तीन दिवस झाले. एक जण रागावला, दोघांना कळलंच नाही. सई, तुझ्या नऊ रेघांवर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या घरात दिवसा मी एकटीच असते, हे मी मत मांडताना धरलंच नव्हतं.

वाशीचा_बोका

कपाट मलाही सुचवू नका. डिसेंबर आहे.

खारघरची_सई

उत्तर मिळालं थोडं. इलेक्ट्रिशियनला बोलावून दारावरच्या बेलला आतून वेगळा स्विच बसवून घेतला. दहा ते एक बंद. तो स्टुलावरून उतरताना म्हणाला, 'ताई, घरात बाळ आलंय का?' मी हो म्हटलं. बाळ तिसरीत आहे, पिवळा टी-शर्ट घालून शाळेत गेलंय.