मदत हवी आहे : पॉवर ॲनालायझरवर व्होल्टेज डिपचे (व्होल्टेजच्या क्षणिक घसरणीचे) ट्रिगर, म्हणजे नोंद सुरू करणाऱ्या मर्यादा, कसे लावावेत?

नमस्कार.

इचलकरंजीतील एका एअरजेट (हवेच्या झोताने धागा नेणाऱ्या) मागांच्या कारखान्यात विजेच्या देखभालीचे काम माझ्याकडे आहे. ११ केव्हीचा पुरवठा आमच्या स्वतःच्या ट्रान्सफॉर्मरवर ४३३ व्होल्टपर्यंत उतरतो. गेले दोन महिने आठवड्यातून दोन-तीनदा, पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान, कॉम्प्रेसरचा ड्राइव्ह (मोटरचा वेग नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक संच) ‘अंडरव्होल्टेज’ दाखवून थांबतो. हवेचा दाब उतरला की एकामागून एक माग बंद पडतात आणि पुन्हा सुरू करताना प्रत्येक मागावर कापडात एक आडवी पट्टी उमटते. ही पट्टी हाताला लागत नाही, पण कापड उजेडावर धरले की लगेच दिसते आणि तो तागा दुय्यम प्रतीत जातो. रात्रपाळीच्या विणकरांची मजुरी उत्पादनावर ठरत असल्यामुळे हे नुकसान एकट्या मालकाचे नाही, म्हणून मला याचा छडा लावायचाच आहे.

पॅनलवरच्या मीटरमध्ये काहीच दिसत नाही, कारण तो दर ३ सेकंदांची सरासरी साठवतो. व्होल्टेज १०० मिलिसेकंदांसाठी २४० वरून १०० पर्यंत कोसळले, तरी त्या ३ सेकंदांचा आरएमएस (परिणामी मूल्याचा) आकडा जेमतेम ३ व्होल्टने खाली येतो. म्हणून अर्ध्या सायकलगणिक आरएमएस तपासणारा ॲनालायझर भाड्याने आणून तो मुख्य इनकमरवर (वीज कारखान्यात येते त्या मुख्य स्विचवर) लावला.

पहिल्या रात्री जोडणी स्टार ठेवून नॉमिनल (टक्केवारीसाठी आधार धरायचे) व्होल्टेज मात्र ४१५, म्हणजे दोन फेजमधले, भरले गेले. यंत्र फेज ते न्यूट्रल मोजत होते, त्यामुळे त्याच्या दृष्टीने व्होल्टेज कायमच ६० टक्क्यांवर होते. सकाळी यादीत एकच डिप होता, जो सुरू झाला आणि संपलाच नाही. ती चूक सुधारून नॉमिनल २३० केले, डिप ९० टक्क्यांवर, स्वेल (व्होल्टेजची क्षणिक वाढ) ११० टक्क्यांवर आणि हिस्टेरेसिस (घटना सुरू आणि संपली असे धरण्याच्या मर्यादांमधला फरक) शून्य ठेवला. आमच्याकडे रात्री भार कमी झाला की व्होल्टेज २५२ ते २५४ च्या आसपास खेळते आणि २३० चे ११० टक्के म्हणजे नेमके २५३, त्यामुळे रात्री दोनच्या आतच मेमरी स्वेलच्या नोंदींनी भरून गेली. ड्राइव्ह पावणेचारला ट्रिप झाला आणि त्याची नोंदच झाली नाही.

नॉमिनल किती धरावे, हिस्टेरेसिस किती असावा, करंटवरही ट्रिगर लावावा का आणि ट्रिगरच्या आधीचा किती वेव्हफॉर्म (लहरींचा आलेख) साठवावा? दोष बाहेरचा आहे की आमच्याच यंत्रांचा, हे मला पुराव्यानिशी सांगता आले पाहिजे.

प्रतिसाद :

तुमचे ड्राइव्ह ४१५ व्होल्टचे असतील तर नॉमिनल २४०, म्हणजे ४१५ चे फेज ते न्यूट्रल मूल्य, धरा. मग डिपची मर्यादा २१६ वर आणि स्वेलची २६४ वर येईल, आणि रात्रीच्या २५३ व्होल्टची नोंद होणार नाही. हिस्टेरेसिस २ टक्के ठेवा, म्हणजे सुरू झालेला डिप व्होल्टेज सुमारे २२१ च्या वर गेल्यावरच संपला असे धरले जाईल आणि एकाच घटनेचे दहा तुकडे पडणार नाहीत. डिपची मर्यादा ९० टक्क्यांवरून खाली आणू नका, कारण ज्या डिपमध्ये ड्राइव्ह टिकून राहतो तेही हाती आले, तरच तो नेमक्या किती खोलीला आणि किती वेळाने हार मानतो हे कळेल.

करंटवर ट्रिगर लावू नका, नाहीतर प्रत्येक मोटर सुरू होताना नोंद होईल. मात्र डिपच्या ट्रिगरवर तिन्ही फेजचे करंट वेव्हफॉर्मसह साठवले जातील असे पाहा आणि ट्रिगरच्या आधीच्या किमान १० सायकली, म्हणजे २०० मिलिसेकंद, जरूर ठेवा. उत्तर तिथेच असते. बिघाड तुमच्या भारात असेल तर व्होल्टेज घसरताना करंट उसळलेला दिसेल. डिप बाहेरून आला असेल तर ड्राइव्हचा करंट आधी जवळजवळ शून्यावर येतो आणि व्होल्टेज परतताना ड्राइव्हमधले वीज साठवणारे कपॅसिटर पुन्हा भरण्यासाठी एकदम उसळतो. फक्त ही शेवटची उसळी पाहून आपल्याच कॉम्प्रेसरला दोष देणारे मी पाहिले आहेत.

रात्रीच्या २५३ व्होल्टसाठी ट्रान्सफॉर्मरचा टॅप (बाहेर पडणारे व्होल्टेज कमी-जास्त करण्याची जोड) पाहावा लागेल, पण हा तपास संपेपर्यंत त्याला हात लावू नका, म्हणजे परिस्थिती बदलणार नाही. पुढे बदलायचा झालाच, तर ऑफ-सर्किट टॅप ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी पूर्ण बंद असतानाच फिरवायचा असतो. सीटी क्लॅम्पवरचे (करंट मोजणाऱ्या चिमट्यांवरचे) बाण भाराच्या दिशेने आहेत ना आणि ॲनालायझर व ड्राइव्ह यांची घड्याळे जुळतात ना, हेही बघून घ्या.

धागाकर्त्याचे उत्तर :

मनापासून आभार. एक क्लॅम्प खरोखरच उलटा निघाला आणि ड्राइव्हचे घड्याळ ४ मिनिटे मागे होते. दोन्ही दुरुस्त केले. नवीन मर्यादा लावल्यापासून काल रात्री एकही स्वेल नोंदला गेलेला नाही. डिप सापडला की त्याचा वेव्हफॉर्म येथेच देईन.