साइड पॅनलमधला पितळी इन्सर्ट बोल्टबरोबरच फिरतोय

प्रश्न: बाईकच्या प्लास्टिकच्या साइड पॅनलमधला एम6 चा (6 मिमी बोल्टचा) पितळी इन्सर्ट, म्हणजे बोल्ट बसतो ती आतून आटे असलेली नळी, सैल झालाय. पाना लावला की बोल्ट आणि इन्सर्ट दोघेही जोडीने गरागरा फिरतात. सुटत नाही, आवळतही नाही. फटीतून सुपरग्लू सोडू का?

उत्तर: थांबा, सुपरग्लू पातळ असतो, आट्यांत उतरला तर बोल्ट आत कायमचा. आधी बोल्ट काढा. बहुतेक तो गंजलाय: लोखंडी बोल्ट, पितळी इन्सर्ट, मध्ये पावसाचं पाणी. गंजाने बोल्ट आत जाम झाला, म्हणून इन्सर्टने प्लास्टिक खरवडलं. भेदक तेल मारून रात्रभर सोडा. मग बोल्टच्या डोक्याखाली चपटा स्क्रूड्रायव्हर घालून बाहेरच्या बाजूला ताण द्या आणि ताण तसाच ठेवून उलटा फिरवा. इन्सर्टच्या अंगावरचे दाते तिरके प्लास्टिकवर दाबले जातात आणि पकडतात. मागून कड दिसत असेल तर सरळ नोज प्लायरने धरा, हे सगळे खेळ नकोत.

मग पॅनलच्या आतल्या बाजूला कोरलेली, प्लास्टिकचा प्रकार सांगणारी अक्षरं वाचा. एबीएस असेल तर दोन भागांचा इपॉक्सी गोंद लावा: भोक खरबरीत करा, स्पिरिटने पुसा, बोल्टला ग्रीस फासून इन्सर्टमध्ये पूर्ण घाला म्हणजे आटे बुजणार नाहीत. पीपी (पॉलिप्रोपिलीन) असेल तर इपॉक्सी विसरा, त्यावर काही धड चिकटत नाही.

प्रश्नकर्ता: तेलाने काम झालं, बोल्ट निघाला. पण अक्षरं पीपी निघाली. घरी साधं सोल्डरिंग आयर्न आहे, तापमान लावता येत नाही.

उत्तर: पुरेल. टोक इन्सर्टच्या आत टेकवा, दाबू नका. पीपी साधारण 160 अंशांच्या पुढे वितळतं. कडेचं प्लास्टिक चकाकलं की आयर्न काढा आणि सपाट पत्र्याने इन्सर्ट पातळीत दाबून गार होईपर्यंत धरा. खिडकी उघडी ठेवा. भोक फार मोठं झालं असेल तर आटे एम6 चेच पण बाहेरून जाड असा इन्सर्ट आणा, जुना तापवून उपयोग नाही.

आणखी एक सदस्य: परत सुटू नये म्हणून थ्रेडलॉकर (आटे घट्ट धरणारा गोंद) लावला तर?

उत्तर: मुळीच नाही. एबीएसवर सांडला तर तडे जातात, आणि बोल्ट पुन्हा आत धरला की हीच कथा. थोडं ग्रीस लावा, सुरुवातीचे वेढे बोटांनी द्या, इम्पॅक्ट ड्रायव्हर (झटके देऊन आवळणारं यंत्र) लांब ठेवा.